दोघंही आजारी असतील तर रांगेत उभं कोणी राहायचं?

सरकारी योजनेच्या प्रत्येक फॉर्ममागे एक न लिहिलेली अट असते. घरात एक तरी धडधाकट माणूस पाहिजे. तोच तलाठ्याकडे जाणार, सेतूत झेरॉक्स देणार, तहसीलच्या रांगेत उभा राहणार. पण नवरा-बायको दोघंही आजारी असतील तर?

आमच्या गल्लीतलंच घर घ्या. अण्णा 58 वर्षांचे. शुगरपायी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काकूंना कॅन्सर, केमो चालू आहे. मुलगी सासरी, लांब. दवाखान्याचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला, देव पावला. पण रोजच्या पोटाचं काय?

दोघांसाठी योजना एकच, संजय गांधी निराधार. नियम मात्र दोन. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर उत्पन्न बघतात. अण्णा दिव्यांग, म्हणजे 40 टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र मिळालं की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 पर्यंत चालतं, आणि ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये. काकूंचा कॅन्सर दुर्धर आजारात येतो. तिथं मर्यादा 21,000 आणि रक्कम 1,500. चूल एक, उत्पन्न तेच, तरी अण्णा पात्र आणि काकू अपात्र होऊ शकतात! 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. अहो, एवढ्यात दोन माणसांचा किराणा तरी येतो का?

पूर्वी तर याच योजनेत एका लाभार्थ्याला 600 आणि घरात एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांना मिळून 900 असा हिशेब होता. म्हणजे दोन आजारी माणसं मिळून दीड.

आता प्रमाणपत्र. यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीला ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात जावंच लागतं. तो दिवस नेमका काकूंच्या केमोचा. मी चौकशीला गेलो तर खिडकीवरून उत्तर आलं, "घरच्या कुणाला तरी घेऊन यायला सांगा." साहेब, घरचं कुणीतरी म्हणजे काकूच!

सगळ्यात मोठा प्रश्न सांभाळणाऱ्याचा. काकू उलट्या थांबल्या की अण्णांना आंघोळ घालतात, अण्णा कुबडी टेकून काकूंना पेज करून देतात. दोघंही रुग्ण आणि दोघंही सेवेकरी. कागदावर सेवेकऱ्याला रकानाच नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 24 वाचा. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी मदतनीस भत्त्याची योजना सरकारने करावी, असं त्यात लिहिलंय. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' योजना आहे, महिना 600 रुपयांची. रक्कम तोकडी आहे, पण सांभाळणं हे काम आहे एवढं तरी तिथल्या सरकारने मान्य केलं.

काही जण म्हणतील, आधीच बोगस लाभार्थी कमी आहेत का? आहेत ना. म्हणूनच म्हणतो, घरी येऊन बघा. घरी आलं की बोगस सापडतो आणि खरा सुटत नाही. रांगेत मात्र बोगसच टिकतो, कारण त्याचे पाय शाबूत असतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत:

1. दुर्धर आजाराची 21,000 ची मर्यादा निदान दिव्यांगांइतकी करा.
2. नवरा-बायको दोघंही आजारी असतील तिथं कागदपत्रांची तपासणी एकाच फेरीत, घरी येऊन करा. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही तसाच घ्या.
3. मदतनीस भत्ता राज्यात सुरू करा, आणि तो रुग्णाच्या हातात द्या, म्हणजे गरजेला त्यांना बाहेरचं माणूस ठेवता येईल.

तोपर्यंत आपण काय करायचं? एकाचा अर्ज झाला म्हणून थांबू नका, दोघांचे अर्ज वेगवेगळे भरा. आधार बँक खात्याला जोडलंय का बघा, नाहीतर मंजूर पैसेही अडकतात. प्रत्येक कागदाची पोच घ्या. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, तोंडी "बसत नाही" ऐकून परत फिरू नका.

तुमच्या वाडीत, आळीत असं घर असेल तर मला मेसेज करा. नावगाव कमेंटमध्ये नको, त्यांचीही अब्रू आहे. रविवारी मी मोकळा असतो, फॉर्म भरायला घरी येईन. गाडी असलेल्या दोघा-तिघांनी तपासणीच्या दिवशी नेण्या-आणण्याचं मनावर घेतलं तर निम्मं काम तिथंच होईल.