सुसरबाई, तुझी पाठ खरखरीत आहे!



मराठीत मगरीवरून दोन बोल निघालेत. एक 'नक्राश्रू'. संस्कृतातून आलेला, शास्त्रीबुवाच्या जिभेवरचा. दुसरा 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ'. पहिला बोल काठावर कोरड्या पायानं उभा असलेल्याचा. दुसरा गळ्याइतक्या पाण्यात सापडलेल्याचा. पलीकडं जायचंय, जबडा समोर आहे, म्हणून काटेरी पाठीला मऊ म्हणायचं. आमचे बापजादे ही म्हण जगले. पाटलाच्या वाड्यापुढं, सावकाराच्या ओट्याखाली, 'जोहार मायबाप' करत.

यात मगरीचा गुन्हा काय? खाऱ्या पाण्याची मगर आमच्या यवतमाळात नाहीच. ती भितरकनिकात, सुंदरबनात, अंदमानात. अंगातलं जादा मीठ ती जिभेवरच्या ग्रंथींतून टाकते, डोळ्यांतून नाही. खाताना डोळ्यांत पाणी मात्र येतं. फ्लोरिडातल्या अभ्यासकांनी कैमन आणि अ‍ॅलिगेटर या तिच्या भावकीत ते पाहिलं आणि २००७ साली छापलं. पण ती भुकेपुरतं खाते. खाल्लेल्याच्या घरी सांत्वनाला जात नाही, फोटो काढत नाही, समिती नेमत नाही. हे सगळं माणसाचं. नाव मात्र मगरीचं बदनाम.

यवतमाळनं हे रडणं पोटभर पाह्यलंय. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. त्यानंतर चिता विझल्याच नाहीत. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. सरकारी मदत लाखाची, पण आधी मेलेल्याची परीक्षा. शेत घरच्यांच्या नावावर होतं का? कर्ज कोणाचं? वसुलीचा तगादा होता का? मग शिक्का : पात्र किंवा अपात्र.

आता मला सांगा, ज्याच्याजवळ सातबाराच नाही त्यानं काय करायचं? दुसऱ्याच्या वावरात रोजीनं राबणारा आपला माणूस मरतो तेव्हा तो या मदतीच्या परीक्षेलाही बसू शकत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारता फवारता जिल्ह्यात वीसएक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात पडले. मग सल्ला आला : मास्क घाला, हातमोजे घाला. रोजीवर पंप पाठीवर घेणाऱ्याला ते द्यायचे कोणी, हे सांगायला कोणी आलं नाही.

आणि साहित्य? जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळातच भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि निमंत्रण मागं घेतलं. मग आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हातून उद्घाटन झालं. एकीचं तोंड बंद करून दुसरीच्या दुःखावर अब्रू झाकायचा बेत असेल, तर तो फसला. येडेबाई शोभेची बाहुली होऊन बसल्या नाहीत. त्या बोलल्या, खणखणीत बोलल्या. सुसरबाईची पाठ मऊ आहे असं त्या म्हणाल्या नाहीत.

बोट फक्त तिकडंच दाखवून भागणार नाही, लेको. आपल्यातही आहेत. सहा डिसेंबरला डोळे पुसतात आणि सातला त्याच पुढाऱ्याच्या गाडीत बसतात, ज्याच्या माणसांनी वस्तीची वाट अडवलेली असते. तेही पाठ कुरवाळणंच. फक्त आता पोटासाठी नाही, तिकिटासाठी.

म्हणून शहरातल्या माझ्या भावांनो, बहिणींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा यादी करा. फवारणीत कोण गेलं, कर्जात कोण गेलं, भूमिहीन म्हणून कोणाचं नाव कुठंच चढलं नाही. ती नावं घेऊन तहसीलवर चला. शेतमजुराच्या मरणाचीही मोजणी झाली पाहिजे, त्याच्या घरालाही हक्काची मदत मिळाली पाहिजे. भीक नको.

आणि पुढच्या वेळी रुमाल घेऊन कोणी दारात आला, तर त्याच्या डोळ्यांकडं पाहू नका. तोंडाकडं पाहा. तोंडात काय आहे, ते विचारा.

जयभीम!