शेवटचा माणूस कुणाचा?

सोनगीरला टपरीवर काश्मीरची लढाई रोज जिंकली जाते. परवा मी विचारलं, १९४७पासून चाललंय, संपायचं कसं? म्हणे, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. कुणाचा माणूस रे? पलटणीत पोरगं आमच्या वस्तीतलं अन् छाती फुगते यांची!

दोस्तहो, बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात उपाय मांडला होता : काश्मीरची फाळणी करा, हिंदू-बौद्ध भाग भारताला, मुस्लिम भाग पाकिस्तानला, नाहीतर सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या. हिशोबही घातला : ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर. ती फाळणी आज जमेल असं मी म्हणत नाही. पण माणसं अन् पैसा मोजाल की नाही?

एवढं बोललो तर एकजण म्हणाला, देशद्रोही! चौदा एप्रिलला फोटोला हार घालायला हाच पुढे असतो.