भूप, भैरवी आणि डिस्कोचा ठेका

मुलांनो, वागळे इस्टेटमध्ये गणपतीची मिरवणूक निघाली की लांबूनच कळतं, ‘डीजे आला!’ आपण डीजे म्हणतो ते ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला. पण खरं तर हे नाव भिंतीचं नाही, माणसाचं आहे बरं का! डिस्क म्हणजे रेकॉर्ड, तबकडी. कोणत्या तबकडीनंतर कोणती लावायची, एकीचा ठेका दुसरीत बेमालूम कसा मिसळायचा, हे ज्याला जमतं तो डिस्क जॉकी, म्हणजेच डीजे.

फ्रान्सचे लॉरां गार्निए हे असेच नावाजलेले डीजे. जन्म १९६६ चा. लंडनच्या फ्रेंच वकिलातीत ते नोकरी करत होते. १९८७ साली मँचेस्टरच्या ‘हॅसिएंडा’ क्लबमध्ये ते रेकॉर्ड लावू लागले आणि पुढे जगभर गाजले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या शिकागो शहरातून एक नवं संगीत युरोपात पोचलं होतं, ‘ॲसिड हाऊस’. त्याचा वळणावळणाचा, कुंई-कुंई आवाज यायचा एका चंदेरी डबीतून. तिचं नाव टीबी-३०३.

या डबीची गोष्ट गमतीची आहे. जपानच्या रोलंड कंपनीने ती १९८१ च्या सुमारास काढली. घरी गिटारचा सराव करणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच हेतू. पण आवाज काही बेस गिटारसारखा निघेना! १९८४ पर्यंत उत्पादन बंद. शिकागोतल्या काही तरुणांना ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली. त्यांनी बटणं मनसोक्त फिरवली आणि १९८७ मध्ये त्यांच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड निघाली.

आता गंमत ऐका. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत एका वादकाने हीच डबी घेऊन राग वाजवले होते!

ते होते चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे. गाणं आपण गुणगुणतो, गायकाचं नाव आपल्याला पाठ असतं, पण मागे वाजवणारा कोण हे कोण विचारतो? त्या वेळी डिस्कोची लाट होती. जो तो डिस्को करतोय, आपण काहीतरी वेगळं करू, असं त्यांच्या मनात आलं. सिंगापूरहून आणलेली टीबी-३०३, ठेका धरणारं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर त्यांनी एकमेकांना जोडले. भैरवी, ललत, भूप, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली.

तुम्ही म्हणाल, यंत्रावर राग कसा जमणार? त्या डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्याकडे तिलाच मींड म्हणतात की! शिवाय राग एकाच ‘सा’भोवती फिरतो. म्हणून खाली एकच सूर धरून ठेवला तरी चालतं, तंबोऱ्यासारखा. बटणं जपानची होती, पण कोणता स्वर घ्यायचा नि कोणता वर्ज्य, हे मात्र रियाजानेच शिकवलेलं होतं.

रेकॉर्ड खपली नाही. लोक विसरले. चरणजितजी मात्र वाजवत राहिले. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली. ऐकणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय, १९८२ मध्ये असं कोण वाजवणार? सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींनी मग युरोपात कार्यक्रम केले. २०१५ साली ते वारले.

मग ॲसिड हाऊसचे जनक तेच का? नाही, असं म्हणणं बरोबर नाही. शिकागोच्या मुलांनी ती रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही. एकाच डबीतून दोघांनी आपापली वाट काढली. पण टाळ्या मिळण्याआधी अठ्ठावीस वर्षं ते काम तितकंच चांगलं होतं, हे विसरू नका.

करून पाहा : बाकावर बोटांनी सारख्या अंतराने ठक्-ठक्-ठक्-ठक् असा ठेका धरा आणि त्यावर भूपाचे पाच स्वर म्हणा, सा रे ग प ध. ‘म’ आणि ‘नी’ घ्यायचे नाहीत हं! घरी पेटी असेल तर आई-बाबांना ‘सा’ धरायला सांगा.