पाय टेकतोय का?

मागच्या पावसाळ्यात चोर्ला घाटात मित्राची गाडी चालवताना मी पडलो. वेगात नव्हे, थांबताना! उतारावर पाय टेकवायला गेलो, तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. जवळजवळ दोनशे किलोंची गाडी पायावर आली आणि सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून आमच्या घरात बाईकचं नाव काढायची सोय नव्हती.

पण तीन वर्षांत पगारातून दोन लाख साठवले होते आणि ॲडव्हेंचर टुरिंगचं वेड काही जात नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "घे. पण कर्ज नको, आणि हेल्मेट, बूट सगळं त्याच दोन लाखांत बसव."

मग वही घेऊन बसलो. नवी हिमालयन ४५० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स पहिल्याच पानावर खोडल्या. जुनी हिमालयन ४११ मनात भरली होती. सीट ८०० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची, स्वभाव शांत. कोल्हापूरला एक स्वस्तात मिळतही होती. पण 'एमएच ०९'ची गाडी बेळगावात कायमची आणायची, तर तिकडून एनओसी, इकडे पुन्हा नोंदणी आणि वर कर्नाटकचा रोड टॅक्स. स्वस्ताई तिथेच संपली. शिवाय वजन १९९ किलो. पाय आठवला!

राहिली एक्सपल्स २०० ४व्ही. सीट ८२५ मिलिमीटर, म्हणजे उंच. पण वजन १६० किलोंच्या आत. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची. हायवेवर शंभरच्या पुढे ती दमते, हे खरं. पण मी स्वतःलाच विचारलं, वर्षातून किती वेळा पुण्याला जाणार? रोजचं ऑफिस आणि रविवारी आंबोली, नाहीतर खानापूरकडचे कच्चे रस्ते. त्याला ही पुरते.

नवी घेतली असती तर सगळे पैसे तिच्यातच गेले असते. म्हणून 'केए २२'चीच दोन वर्षं वापरलेली शोधली. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं. आरसीवरचा चासी नंबर, कर्जाचा बोजा, पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय का, चेन-स्प्रॉकेट, स्पोक, सगळं तपासलं. उरलेल्या पैशांत आयएसआय हेल्मेट, जॅकेट, नी-गार्ड आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घेतले.

मित्रांनो, गाडी फोटोत कशी दिसते ते शेवटी बघा. आधी तिच्यावर बसा, ती एकट्याने ढकलून बघा, आडवी पडली तर उचलता येईल का याचा विचार करा.

गाडी दारात आली तेव्हा आई ओवाळणीचं ताट घेऊन आली. कुंकू लावायच्या आधी म्हणाली, "बस बघू. पाय टेकतात?"

दोन्ही टाचा टेकत नाहीत. पण जरा सरकून बसलं की एक पाय पूर्ण टेकतो. तो तिने वाकून बघितला, आणि मगच कुंकू लावलं.