गाडी फार मारते रे

आपलं हे पान घरातल्या गोष्टींचं. इथं मोटारीच्या शॉकअपवर लिहायचं म्हटल्यावर काही भगिनींच्या कपाळाला आठी पडेल. पण वाचकहो, जरा धीर धरा. गोष्ट मोटारीची असली तरी ती सुरू होते माझ्या आईपासून.

आई ब्याऐंशी वर्षांची. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, गोव्यात डिचोलीला असते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलं की साखळी, आणि तिथून हाकेच्या अंतरावर डिचोली. वर्षातून एकदा तरी दोघी बहिणींची भेट ठरलेली. आईने नेलेला कुंदा मावशीने उघडायचा आणि मावशीची कोकमं आईने पिशवीत भरायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. पण 2022 पासून आईने जाणंच सोडलं. विचारलं की म्हणायची, "नको रे, आता या वयात कसली दगदग!" आम्हीही मान डोलावली. वय झालं, दुसरं काय?

खरं कारण 2024 च्या दिवाळीत कळलं, तेही मला नाही, माझ्या मुलाला. तो पुण्याला नोकरीला असतो. आजीच्या पायाशी बसून तो म्हणाला, "आजी, चल की, उद्या मावशीआजीकडे जाऊन येऊ." तेव्हा ती हळूच बोलली, "गाडी फार मारते रे. पाठीत कळ येते. पण तुझ्या बाबाला सांगू नकोस. त्याचा फार जीव आहे त्या गाडीवर."

मुलाने अर्थातच सांगितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

जीव आहे, हे खरंच. 2003 च्या दसऱ्याला घेतलेली फियाट पॅलिओ, 1.6 लिटर इंजिनाची. ही गाडी आपल्याकडे 2001 मध्ये आली, तेव्हा जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. छोट्या गाडीत 100 अश्वशक्तीचं इंजिन, ही त्या काळी चैनच. पेट्रोल पाण्यासारखं पिते म्हणून सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण घाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती ज्या सुरात गाते, ते ऐकलेला माणूस पेट्रोलचा हिशेब विसरतो. 2019 नंतर फियाटच्या मोटारी भारतात विकायच्या थांबल्या. माझी मात्र चालूच राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण करून आणलं. इंजिन वेळच्या वेळी बघितलं, रंग राखला, काच लखलखीत ठेवली. आणि खाली काय कुजतंय, तिकडे डोळेझाक केली.

अगदीच डोळेझाक केली असं नाही. 2021 मध्ये पुढून खडखड यायला लागली, म्हणून एका गॅरेजात नेली होती. तिथं सांगितलं, डावा शॉकअप गळतोय. मी काटकसर केली आणि तेवढा एकच बदलून घेतला. सोबत खालच्या आर्मचे बुशही नवे टाकले. वर्षभरात ते बुश फाटले आणि खडखड परत आली. रस्तेच तसले, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. खड्ड्यांना शिव्या देणं सोपं असतं.

2024 च्या पावसाळ्यात एकटाच गोव्याला निघालो होतो. घाटात एका ओल्या वळणावर डांबराला लाटा पडल्या होत्या. वेग फार नव्हता. तरी गाडीची मागची बाजू टुणटुण उड्या मारत हातभर दरीकडे सरकली. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे सदर लिहितो आहे. घरी मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. आई तिचं दुखणं लपवत होती आणि मी माझी भीती.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बापलेकांची बैठक बसली. चिरंजीवांचा उपाय तयार होता, "बाबा, लोअरिंग स्प्रिंगा टाकू. गाडी दोन इंच खाली बसेल, कडक होईल, वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाईल." मी म्हटलं, "आणि आजी?" तो गप्प झाला. मग आम्ही दोघे खानापूर रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी गाठलेला माणूस, उभा जन्म फियाटमध्ये गेलेला. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. आम्हा दोघांना बाकावर बसवून चहा मागवला आणि चहा येईस्तोवर शिकवणीच घेतली.

"सर, टांग्याची कमान बघितलाय न्हवं? लोखंडी पाट्यांची? मोटारीची स्प्रिंग म्हणजे तीच. ती वजन उचलती आणि खड्डा गिळती. पण गिळलेलं ती परत ओकती की ओ! दाबलेली स्प्रिंग उसळणारच. ती उसळी मारायचं काम शॉकअपचं."

शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली नळी. आत दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून जोर लावून जावं लागतं. चाकाच्या उसळीची अशी उष्णता होते आणि जोर जिरतो. तेल गळालं, आतल्या झडपा झिजल्या, की स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही. मग चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी त्याच्यावर नाचतं. नाचणाऱ्या चाकाला पकड नसते. घाटातली माझी उडी ही अशी होती. ब्रेक कितीही चांगले असोत, टायर हवेत असेल तर ते काय करणार?

"आणि एकाच बाजूला नवा घातलासा, हे तर लईच झालं," मिस्त्री म्हणाले. "एक पाय बुटात, एक अनवाणी. असा माणूस पळंल काय?" शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, हा पहिला धडा.

दुसरा धडा बुशचा. बुश म्हणजे लोखंडी नळीत घट्ट बसवलेलं रबर. चाक वरखाली होतं तेव्हा ते रबर पीळ खातं. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळतात. त्याच अवस्थेत बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि थोड्याच दिवसांत ते फाटतं. म्हणून शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर घेऊनच करायची. माझे बुश वर्षभरात का गेले, ते आता समजलं. माल खोटा नव्हता, घाई झाली होती.

तिसरा धडा चिरंजीवांसाठी होता. गाडी खाली बसवली की चाकाला वरखाली व्हायची जागा कमी होते. आपल्या गावातले हंप आणि जांबोटीचा रस्ता बघता चाक सारखं शेवटच्या रबरावर आदळणार. त्यात शॉकअप जुनेच ठेवले, तर कडक स्प्रिंगची उसळी त्यांना मुळीच आवरणार नाही. खेरीज चाकांचे कोन बिघडून टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात, ते वेगळंच. आणि गाडीच्या मूळ बांधणीत असे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 लाही धरून नसतं.

यावर चिरंजीवांनीही अभ्यास करून एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. चांगली प्रवासी गाडी स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. जवळजवळ आपल्या चालण्याचा ठेका. त्याची शरीराला जन्मापासून सवय असते. बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांचा. त्यात पाठीचा कणा आणि पोट धरून हलतात. स्प्रिंगा जितक्या कडक, तितकी गाडी त्या हादऱ्यांकडे सरकते. "म्हणजे आजीसाठी नेमकं उलटं होईल, बाबा," असं तो स्वतःच म्हणाला. मुलगा शहाणा झाला, हे बापाला कळायला कधी कधी शॉकअपही पुरतात.

तेव्हा ठरलं असं. स्प्रिंगा मूळ उंचीच्याच, पण नव्या, कारण वीस वर्षांत जुन्या बसल्या होत्या. शॉकअप चारही नवे आणि गॅस भरलेले. साध्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि फेस काही उसळी अडवत नाही. गॅसच्या दाबामुळे तो फेस कमी होतो. पुढच्या शॉकअपवरची माउंटिंग आणि बेअरिंगं, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरच्या लिंका, मागच्या बीमचे बुश, सगळं एकदमच. पॉलियुरेथेनचे बुश घालू, असा मुलाचा आग्रह होता. ते टिकतात, स्टिअरिंगही नेमकं होतं. पण रस्त्याची थरथर आत येते आणि कधी कधी कुरकुर वाजतात. मिस्त्रींनी तडजोड काढली, फक्त स्टॅबिलायझरला पॉलियुरेथेन, बाकी सगळीकडे रबर. घरातले वाद इतक्या लवकर मिटले असते तर काय हवं होतं!

सुटे भाग मिळवायला महिना गेला. पॅलिओ आणि पेट्रा एकाच कुळातल्या, त्यामुळे बरंच काही जुळतं. पण डिझेलच्या स्प्रिंगा पेट्रोलला चालत नाहीत, इंजिनाचं वजन वेगळं. काही माल मुंबईहून आला, काही कोल्हापूरहून. मजुरी धरून खर्च तीस हजारांच्या घरात गेला. या गाडीला आज बाजारात कोण किती देईल, हा हिशेब मी केला नाही. तुम्हीही विचारू नका.

काम दोन दिवस चाललं. दाबलेली स्प्रिंग ही बांधून ठेवलेली तोफ असते. ती चुकीची सुटली तर हात नाहीतर तोंड फुटतं. म्हणून हे काम घरी करायच्या भानगडीत कोणी पडू नये, हे हात जोडून सांगतो. जुने शॉकअप काढल्यावर मिस्त्रींनी एकाचा दांडा हाताने खाली दाबला. तो तसाच खाली राहिला. आत काही उरलंच नव्हतं. तो हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. दोन वर्षं आई याच्यावर बसून दवाखान्यात जात होती.

शेवटी गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर घेऊन बोल्ट आवळले. मग अलाइनमेंट. परत येताना पहिल्या हंपावर मी सवयीने दात आवळले. गाडी वर गेली, खाली आली आणि तिथंच थांबली. एवढंच. इतकी वर्षं मी काय सहन करत होतो, हे ते नसल्यावर कळलं.

2025 च्या संक्रांतीनंतरच्या रविवारी आईला विचारलं, "जायचं काय डिचोलीला?" तिने आधी नातवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं उमगलं होतं. तिळगुळाचा डबा, कुंदा आणि पाठीला उशी घेऊन पुढे बसली. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा सुनेने विचारलं, "आई, लागतंय का?" "लागतंय थोडं. पाठच म्हातारी, गाडी काय करणार? पण मारत नाही आता." घाटातल्या त्या वळणावर डांबराच्या लाटा तशाच होत्या. मी वेग आणखी कमी केला. गाडी जागेवरून हलली नाही.

डिचोलीला मावशी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले, ते बराच वेळ सोडले नाहीत. दोन वर्षं आणि काही महिने. त्यातला एकही महिना मी परत आणू शकत नाही. मावशीचं वय सत्त्याऐंशी आहे.

तुमच्या घरीही जुनी गाडी असेल तर चार गोष्टी बघा. ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जातं का? टायरवर हात फिरवला तर ठिकठिकाणी खोलगट चकत्या लागतात का? शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का? कोपऱ्यावर दाब देऊन सोडलं तर गाडी एकदा वर येऊन थांबते, की झुलत राहते? ही शेवटची परीक्षा पुरेशी नाही, तेव्हा मिस्त्रीला खालून बघू द्या. आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागच्या सीटवर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने हल्ली यायचं सोडलंय का? सोडलं असेल तर त्याच्या वयाला बोल लावण्याआधी एकदा तुम्ही स्वतः मागे बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्या.