दोन तासांचे अंतर, अठ्ठावीस तासांचा प्रवास

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि गोंदियाचा बिरसी विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर आहे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या लहान विमानाला ते कापण्यास दोन तास पुरावेत. पण या दोन विमानतळांना थेट जोडणारी विमानसेवा नाही. सामान्य प्रवासी ‘महाराष्ट्र एक्सप्रेस’मध्ये बसतो, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर असा सुमारे १,३४० किलोमीटरांचा वळसा घेतो आणि सुमारे २८ तासांनी उतरतो. अंतर भूगोल ठरवतो. वेळ मात्र राज्यकर्ते ठरवतात.

हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसवू, अशी घोषणा देत २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘उडान’ योजनेची विमाने निघाली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे, तेही काही आसनांपुरते! त्या घोषणेचा हिशेब महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये मांडला. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते अवघे ५४.

याचे कारण उघड आहे. कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून निघते, तोवर विमान उडते; निधी आटला की कंपनी पंख मिटते. गोंदियाने हे अनुभवले आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालेली सेवा वर्षभरही टिकली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुसरी कंपनी आली, ती हैदराबादच्या दिशेने. म्हणजे गोंदियाच्या माणसाने त्या सेवेने कोल्हापूर गाठायचे, तर तेलंगणाच्या राजधानीला वळसा घालायचा!

यावर उत्तर ठरलेले असते : सरकारची ‘वायुदूत’ही बुडाली होती. खरे आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली ती कंपनी १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पण सार्वजनिक कंपनीचा तोटा म्हणजे उधळपट्टी आणि खासगी कंपनीचा तोटा जनतेने भरणे म्हणजे विकास, हा न्याय कोणता? तोटा जनतेचाच असेल, तर मालकी आणि वेळापत्रकही जनतेचेच हवे.

समाजवाद्यांचा विरोध विमानाला नाही. विरोध आहे तो अग्रक्रमाला. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. बहुसंख्यांचा प्रवास आधी सुसह्य करायचा, हा त्यामागील विचार होता. आज मात्र धावपट्टीच्या उद्घाटनाला मंत्र्यांची रीघ लागते आणि अनारक्षित डब्याच्या दारात मजूर लोंबकळत राहतो. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याचा प्रवास बिरसीच्या धावपट्टीवर सुरू होत नाही, तो एस.टी.च्या थांब्यावर सुरू होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी मागणी लावून धरली पाहिजे : प्रत्येक मार्गावर दर आसनामागे किती सार्वजनिक पैसा खर्च झाला, तो आकडा जाहीर करा, अनुदान घेणाऱ्या कंपनीला दीर्घ मुदतीचे बंधन घाला, आणि त्याआधी त्या अठ्ठावीस तासांच्या गाडीला अनारक्षित डबे वाढवा, तिचा वेग वाढवा. दोन तासांचे स्वप्न मूठभरांना विकायचे आणि अठ्ठावीस तासांचे हाल बहुसंख्यांच्या माथी मारायचे, हा व्यवहार जनता फार काळ खपवून घेणार नाही.