शौकिनांची बाजू

संग्रामपूर तालुक्यातली पोट्टी लय शौकीन झाली, अशी तक्रार आमच्या कानी वरचेवर येते. पोराच्या केसांची नवी कटिंग, पायात पांढरे बूट, पोरीच्या अंगात जीन्स आणि कानात सदानकदा गाणे. पुण्याला कंपनीत लागले की दिवाळीला काळा चष्मा डोक्यावर चढवून येतात. कापसाचा भाव विचारा, सांगता येणार नाही. नवा सिनेमा कोणत्या शुक्रवारी लागतो ते विचारा, झोपेतून उठून सांगतील. तक्रार करणारे आमच्याच वयाचे, आमच्याच पंक्तीतले आहेत. तरी या खटल्यात आम्ही शौकिनांचे वकील आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

वकील काय, आम्ही स्वतःच शौकीन. वीज धड नसे त्या काळात पितळी तांब्यात निखारे भरून सदऱ्याला इस्त्री केल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडलो नाही. सिनेमासाठी खामगाव, अकोला गाठले. पुढे लग्नाच्या घरी भाड्याचा टी.व्ही. आणि व्हिडिओ आला की एका रात्रीत तीन तीन सिनेमे बघून सकाळी लाल डोळ्यांनी पंगतीत वाढले. शेगावला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून मुंबईला उतरलो, की दादरच्या पुलावर नुसते उभे राहून माणसे बघायलाही आम्हांस आवडते. काम काही नाही, शौक!

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "शौक भरल्या पोटाचे असतात. आपल्या लोकांनी आधी शिकावे, कमवावे, मग नटावे." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण ज्यांनी आपल्याला दाबून ठेवले ते कपड्यालत्त्याला इतके किरकोळ समजत नव्हते. सातपुडा ओलांडला की पलीकडे इंदूरचा मुलूख. तिथल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधरा गावांच्या सवर्ण पुढाऱ्यांनी आपापल्या गावच्या बलाई लोकांना फर्मान काढल्याची बातमी जानेवारी 1928 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात आली. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात ती सविस्तर दिली आहे. गावात राहायचे असेल तर काय काय पाळायचे? जरीच्या काठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, शोभेचे झगे आणि जाकिटे घालायची नाहीत. आणि सवर्णांच्या लग्नात वरातीपुढे वाजवायचे मात्र बलायांनीच!

वाचकहो, हे फर्मान नीट बघा. त्यात वेठबिगारी आहे, मयताचा सांगावा नेणे आहे, ते ठाऊकच होते. पण काठाचा रंग? धोतराचा काठ लाल झाला तर कोणाच्या बापाचे काय जाते? जाते. कारण मग दुरून येणारा माणूस कोण आहे ते ओळखू येत नाही. बलायांनी फर्मान मानले नाही, तेव्हा त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला बंदी झाली, आपल्याच शेतात जायची वाट अडवली गेली. त्यांनी दरबाराकडे अर्ज केले. वेळेवर दाद लागली नाही, आणि शेकडो माणसे बायकापोरांसह घरे सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली.

त्याच सुमारास, डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले, ते याच विषयावर. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत आणि गळ्याहातांत घातलेले ते ढीगभर दागिने ही तुमची जात ओळखण्याची खूण आहे, ती टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्या बोलण्याचा रोख होता. बायकांनी ते ऐकून घरी जाऊन विचार केला नाही. तिथेच लुगडी नेसण्याची रीत बदलली. आमच्या मते ही या देशातली फार मोठी फॅशन. तिचे फोटो कुठल्या रंगीत मासिकात आले नाहीत, इतकेच. आणि सांगणारा गृहस्थ स्वतः कसा राहत होता? थ्री-पीस सूट, उत्तम पेन, पुस्तकांसाठी बांधलेले घर, आणि उतारवयात व्हायोलिन शिकण्याची हौस.

जुन्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. मग अगदी शेजारच्या शेगाव तालुक्यातले घ्या. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले, दोन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. जीव कोणाचा गेला नाही. पण सोयरिकी अडल्या, पाहुणे यायला कचरू लागले, शिकणारी मुले-मुली घरी बसली, असे वर्तमानपत्रांत आले. दिसण्याचे काय एवढे, असे त्या मुलींना तोंडावर विचारायची आमची तरी छाती नाही.

आता गाण्याकडे वळू, कारण आमचा खरा जीव तिथे. भीमगीतांना सिनेमाच्या चाली लावतात म्हणून नाक मुरडणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. त्यांना वामनदादा कर्डक आठवावेत. सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा माणूस मुंबईच्या चाळीत आला, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे पक्की केली, आणि 1943 साली त्याने पहिले गीत रचले तेच हिंदी गाण्याच्या विडंबनातून. पडद्यावरची चाल उचलायची आणि तिच्यात आपला शब्द भरायचा. शहराने त्यांना चाल दिली, त्यांनी गावाला विचार दिला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज पुढे कॅसेटवर चढले, आणि ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते त्या घरात ते पोचले. डी.जे.बद्दल मात्र आमचे मत वाईट आहे. गाणे जुने की नवे याचा त्याच्याशी संबंध नाही. त्या भिंतीएवढ्या आवाजात शब्दच ऐकू येत नाही, आणि आपल्या गाण्यात शब्द नसेल तर उरले काय?

सिनेमातही हेच झाले. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2014 च्या फेब्रुवारीत लागला. त्यातल्या जब्याला काय हवे असते? एक जीन्सची पँट. आणि गाव त्याला काय देते? डुकरे पकडायचे काम. आमच्यातले काही जण थिएटरात त्या पँटच्या गोष्टीला हसले. आम्हांस बलायांच्या धोतराचा काठ आठवला. पुढे 2022 च्या 'झुंड'मध्ये जयंतीच्या मिरवणुकीत पोरे बेभान नाचतात आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतात, तेव्हा इतकी वर्षे पडद्यावर काय दिसत नव्हते ते कळले.

पोरांच्या सगळ्याच गोष्टींना आम्ही पाठीशी घालतो असे नव्हे. हप्त्यावर महागाचा मोबाईल घ्यायचा आणि हप्ता बापाच्या सोयाबीनवर टाकायचा, हा शौक नाही, ही चोरी आहे. पण म्हणून पोरगी जीन्स घालते या कारणाने तिचे अकोल्याचे शिक्षण थांबवणारा बाप आम्हांस जास्त खटकतो. जीन्स नको तर तसे बोलून घ्या. कॉलेज कशाला बंद करता? गावात कोणी काय नेसावे हे ठरवणारे फर्मान आता आपणच आपल्या घरात काढायचे काय?

तक्रार करणाऱ्या आमच्या समवयस्कांना मात्र एक काम आहे. तुमच्या तरुणपणच्या शौकाचा ऐवज माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडला असेल: जुन्या कॅसेटी. त्यांतल्या मोठ्या गायकांच्या इतरांकडेही सापडतील. पण आपल्याच मंडळाने जयंतीला टेप लावून भरून घेतलेले गाणे, गावच्या भजनी मंडळातल्या बायांचा आवाज, हे दुसरीकडे कुठेच नाही. संग्रामपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली फीत टिकत नाही. पेटी खाली काढा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लगेच वाजवू नका, वेगळी ठेवा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या; सैल झाली असेल तर पेन्सिलीने ताणा. त्याच शौकीन पोराला जवळ बसवा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लावून मोबाईलमध्ये कसे भरायचे ते त्याला येते. गाणारा कोण, रचना कोणाची, गाव कोणते, साल कोणते, हे तुम्ही सांगा आणि त्याला लिहायला लावा. आणि कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी बटण दाबले तरी वरून दुसरे काही भरले जाणार नाही.